हरल्याशिवाय डबा उघडत नाही

सुलतानपुरात ज्यांच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहतो, त्या काकूंमुळे माझी नोकरी टिकली. हे आधीच लिहिते, कारण पुढचं ऐकून लोक हसत सुटतात आणि काकू राहून जातात.

मी कोकणातली, शाळा सातवीत सुटलेली. नवरा इथं रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवतो. लोणारच्या वाटेवर बायकांसाठी अध्यात्माची शिबिरं भरवणारं एक केंद्र आहे, तिथं मी स्वयंपाकाला लागले. ठेवायचं की काढायचं हे पहिल्या शिबिरानंतर ठरणार होतं. मी मीठसुद्धा भीत भीत घालत होते.

शिबिराचं नाव 'भुलाबाई : स्त्रीशक्तीचं जागरण'. आमच्याकडे भुलाबाई नसते. काकूंनीच सांगितलं, की भादव्याच्या पुनवेपासून पोरी माहेरी आलेली भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी मातीचे करून मांडतात, संध्याकाळी गाणी म्हणतात, मग घरची बाई बंद डब्यातून खिरापत आणते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं.

केंद्राच्या ताई पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "डोळे मिटून डब्यावर नुसता तळहात धरायचा. अंतर्मन जागं असलं की पदार्थ आपोआप कळतो. तू फक्त पारंपरिक खिरापत कर."

मी काकूंना विचारलं.

"ओळखू आली थे खिरापत कायची? माही आजलोक कोणाच्या बापाले ओळखू नाही आली!"

मग आम्ही गुळात ज्वारीच्या कण्या शिजवल्या. वाजू नये म्हणून डब्यात दाबून थापल्या, वास येऊ नये म्हणून वर केळीचं पान. आपलं काम किती चोख झालं, असं वाटून मी खूश.

डबा धरायला काकूही आल्या. खरं तर त्यांना भुलाबाई बघायची होती. दारातच थबकल्या.

"अन् भुलोजी कुठी गेला वं? लेकीले एकटीच माहेरी धाडली का?"

भुलोजी स्टोअर रूममध्ये होता. शिबिर फक्त स्त्रीशक्तीचं होतं ना.

डबा फिरला. एकीला लाडू जाणवला. एकीला काहीतरी पिवळं. एकीला आईची आठवण आली. कण्या कुणालाच जाणवल्या नाहीत. शेवटच्या बाईंना काहीच जाणवेना, तेव्हा आपलं चक्र बंद पडलं म्हणून त्या रडायलाच लागल्या.

ताई माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "साधा शिरा नाही करता आला? सगळ्यांचं अंतर्मन एकदम बंद कसं पडेल? उद्यापासून येऊ नकोस."

नवऱ्याला काय सांगू? तेवढ्यात काकू थेट त्या रडणाऱ्या बाईंपाशी जाऊन बसल्या.

"रडून काऊन राह्यली वं? आमच्या गल्लीतल्या पोरींले तरी कुठी ओळखू येते? डोये उघड. हालव डब्बा, कान लाव. हात फिरवून का समजते?"

बाईंनी डबा हलवला. दुसरीनं हिसकावला. "शेव!" "शेव वाजली असती वं!" काकू ओरडल्या. मग चिवडा, शंकरपाळे, बटाट्याची भाजीसुद्धा. रडणाऱ्या बाई तर डब्याला नाक लावून मांडीच घालून बसल्या. सगळ्या थकल्यावर काकू म्हणाल्या, "आता म्हना, हरलो."

सगळ्या म्हणाल्या. ताई सोडून. "आपण हरत नाही," त्या म्हणाल्या, "आपण फक्त शिकतो."

"मंग डब्बा उघडत नाही."

बायका भुकेल्या होत्या. "म्हणा ना हो ताई!" असा एकच गलका झाला. ताई भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, "हरलो."

डबा चाटूनपुसून साफ झाला. निघताना बायकांनी ताईंना विचारलं, "पुढच्या शिबिराला हे असणारच ना?" सकाळी ताईंनी मला बोलावून सांगितलं, "तू राहा. मात्र खिरापत अशीच लागेल, कुणालाही न कळणारी." फळ्यावर नवा कार्यक्रम लिहिलाही होता : 'पराभव-स्वीकार साधना'.

घरी येऊन काकूंना सांगितलं. "आता हरनंही नेलं का आमचं? नेऊ दे," म्हणाल्या. "भुलोजीले तं बाहेर काढलं ना?"

काढलाय. आता तो ऑफिसात बसतो.

काकू, एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेईन आणि माझ्या हातची खिरापत झाकून तुमच्यापुढं ठेवीन. 'हरलो' म्हणाल तेव्हाच उघडेन. काय करायचं ते ठरलंय. इथं मात्र लिहीत नाही, कारण तुम्ही हे कुणाकडून तरी वाचून घ्याल.