जपानची आजी आणि एटोबिकोची बेल

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आज इथे टोरंटोत, एटोबिकोला एका मित्राकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. तो नुकताच जपान फिरून आलाय. क्योटोत हॉटेल सापडेना, तेव्हा त्याने एका अनोळखी घराची बेल वाजवली. एक आजी बाहेर आल्या आणि भर पावसात त्याला हॉटेलच्या दारापर्यंत सोडून गेल्या. सांगताना त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्याच्याच घराची बेल वाजली. सोफ्यावरून न उठता त्याने फोनवर दारावरचा कॅमेरा पाहिला, फोनमधूनच "नॉट इंटरेस्टेड, थँक्स" म्हणाला आणि गोष्ट पुढे सुरू.

मी खिडकीतून पाहिलं. एवढ्या थंडीत नुसत्या स्वेटरवर एक आजोबा पायऱ्या उतरत होते. मी धावत गेले.

"बेटा, यहाँ सारे घर एक जैसे हैं," ते म्हणाले. मुलाकडे आलेत, फिरायला निघाले आणि रस्ता चुकले. घर मागच्याच गल्लीत होतं. त्यांना पोचवून मी परतले, तर इकडे "कॅनडात माणुसकीच उरली नाही" चाललेलं.

मी मित्राला सगळ्यांसमोर सुनावलं. तर म्हणतो, "अगं, मला सेल्समन वाटला."

अरे, त्या आजींनाही तू सेल्समन वाटू शकला असतास. त्यांनी निदान दार उघडून पाहिलं ना?