भाकरी फुगेपर्यंतचा डॉलर

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात झाला नाही, आणि अशा माणसानं धंदा निवडला तो रुपया-डॉलरच्या सौद्यांचा. म्हणजे सशानं वाघाच्या गुहेत पानटपरी टाकावी तसं. टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या पेढीत जन्मभर कारकुनी केली, तिथं त्यांना डॉलरची धास्ती बसली ती निवृत्तीनंतरही उतरेना. अमेरिकेत कुणी बँकेचा साहेब खाकरला की यांना इथं ठसका लागे. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर पातळ होत असताना, हा माणूस चादर पांघरून कुडकुडत सौदा करायचा. "एवढं भ्या वाटतंय तर करता कशाला?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "पावणं, न करता बसलं की लई जास्त वाटतंय की!"

त्यांची ठाम समजूत अशी, की आपण ज्याच्याकडे बघतो ते पडतं. एकदा दाढी करताना आरशात मोबाईल दिसला आणि डॉलर घसरला म्हणे. तेव्हापासून आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला. दाढी अंदाजानं, आणि मिशीची एक बाजू कायम दुसरीवर रुसलेली. म्हणून सौदा चालायचा स्वयंपाकघरात. हे गॅसकडे पाठ करून पाटावर, मोबाईल शेंगाचटणीच्या डब्याला टेकवलेला, आणि त्यांची बायको, म्हणजे आमची थोरली मेहुणी अक्का, भाकऱ्या थापणार. तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरला की अक्कांनी पिठाळ बोटानं सौदा घ्यायचा, फुगली की मिटवायचा. नफा असो, तोटा असो. "भाकरी तव्यावर असती तेवढाच येळ आपल्या पैशानं परक्याच्या घरी ऱ्हावं," हे त्यांचं अर्थशास्त्र. चादरीतून ते सारखे विचारत, "काय दिसतंय?" अक्का म्हणत, "दिसतंय तुमचं टक्कल. गप बसा. हां, फुगली बगा!" की सुटले.

एका सकाळी पाण्याचा हात फिरला, सौदा घेतला गेला, आणि 'फुगली' काही येईना. "काय दिसतंय?" उत्तर नाही. करपल्याचा वास आला तेव्हा साडूंनी आयुष्यात प्रथमच मान वळवली. भाकरी कोळसा झाली होती आणि अक्का छाती धरून खाली बसल्या होत्या.

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात मी धावत पोचलो, तोवर अक्कांना आत नेलं होतं. साडूंच्या खांद्यावर चादर तशीच, मुठीत पिठानं माखलेला मोबाईल. "अहो, सौदा उघडाच आहे!" मी म्हणालो. त्यांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. मी मिटवला, आकडा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांचं लक्षच नव्हतं. ते आपली खुर्ची ओढून फिरवत होते. आतल्या दाराकडे पाठ येईल अशी.

मला हसू येईना. "अहो, इकडं बघा तरी."

"नगं, पावणं. तुमी बगा," ते भिंतीला म्हणाले. "मी घरी एकदाच वळून बगितलं, आन् काय झालं?"

मी बघत उभा राहिलो. दर थोड्या वेळानं चादरीतून आवाज येई, "काय दिसतंय?" आणि जन्मभर थापा मारणाऱ्या मला एकही थाप सुचत नव्हती. दार, एवढंच दिसत होतं. शेवटी ते उघडलं, डॉक्टर मान डोलावून हसले, आणि मला कुठून सुचलं कोण जाणे, मी ओरडलो, "फुगली!" साडू चादरीत तोंड घालून हमसाहमशी रडले.

आता अक्कांना गॅसजवळ उभं राहायची मनाई आहे. त्या खुर्चीत मोबाईल घेऊन बसतात, आणि साडू भाकऱ्या करतात. भाकऱ्या कसल्या, अक्कलकोट तालुक्याचे नकाशे. फुगत एकही नाही. परवा मी म्हटलं, "अक्का, डॉलर चाललाय की वर!"

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "भाकरी फुगल्याबिगर आमच्यात सौदा होत न्हाय."

साडू पुढची भाकरी थापत राहिले. तव्याकडे तोंड, खांद्यावर चादर. मधेच मान किंचित वळवून खुर्चीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात आणि चटका बसल्यासारखी पुन्हा फिरवतात. पुरतं बघायचं धाडस अजून होत नाही त्यांना.