चार नंबरच्या टाकीचा कागद

ते पत्रक मी लिहिलं होतं. खाली ‘एक कामगार’ अशी सही होती, तो कामगार मीच. त्या पत्रकातली मागणी मान्य झाली नसती, तर चार नंबरच्या टाकीवरच्या आमच्या माणसावर नोकरी जायची पाळी आली नसती, हेही माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्यांच्या चुकांवर मी आजवर पुष्कळ शाई सांडली आहे.

साजगावच्या एका सूत रंगवायच्या कारखान्यात मी तेव्हा नुकताच कायम झालो होतो. खात्यात सहा टाक्या. पाणी भरणं, तापवणं, कॉस्टिक सोडा सोडणं, पूर्वी सगळं हाताने चाले. मग पुण्याहून एक इंजिनियर आला आणि त्याने प्रत्येक टाकीशेजारी एक पेटी बसवली. पेटीत प्रोग्राम. तो एकेक पायरी करत जायचा आणि पायरी झाली की एक ओळ दोन ठिकाणी पाठवायचा. एक टाकीजवळच्या छोट्या प्रिंटरवर, दुसरी तारेवरून ऑफिसातल्या काचेच्या खोलीत, मोठ्या कॉम्प्युटरकडे. सहाही टाक्यांच्या ओळी तिथे एकत्र जमत. किती वाजता, कुठली टाकी, काय झालं, ऑटोने झालं की हाताने. बिघाडाच्या ओळीला वेगळी खूण, नुसत्या माहितीच्या ओळीला वेगळी.

इंजिनियर म्हणाला, यंत्राची तब्येत कळावी म्हणून हे. पण मॅनेजरसाहेबांनी यंत्राची सोडून आमची तब्येत बघायला घेतली. पायरी झाली की आम्ही बटण दाबायचं, मग प्रोग्राम पुढे जायचा. बटणाला उशीर झाला की त्याचीही ओळ वर जायची. पंधरवड्यात मेमो सुरू झाले. एकाला तर मुतारीत गेलेल्या सात मिनिटांचा मेमो आला. माणसाने सात मिनिटं कुठे घालवली याची चौकशी टाकी करणार!

मी पत्रक लिहिलं, ‘काचेच्या खोलीतली चुगली बंद करा’. कर्जतला टायपिंगचे वर्ग चालवणारा माझा एक मित्र होता, त्याने स्टेन्सिल कापून प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी सहाही टाक्यांवर एकानेही बटण वेळेवर दाबलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब आमच्या युनियनशी बोलणीला बसले. कराराचं वाक्य मीच सांगितलं: ‘बिघाडाखेरीज एकही ओळ वर पाठवली जाणार नाही.’ साहेबांनी सही केली. इंजिनियर मान हलवत म्हणाला, “अहो, माहितीच्या ओळीही कधी लागतात.” मी म्हटलं, “तुम्हाला लागतात. आम्हाला नाही.” सगळे हसले. मीही हसलो.

टाकीजवळच्या प्रिंटरवर मात्र सगळ्या ओळी उमटतच राहिल्या. त्या कागदाला कुणी विचारत नव्हतं. पाळी सुटली की जो तो आपला तुकडा फाडून न्यायचा. कुणी भाकरी बांधायला, कुणी कंदिलाची काच पुसायला. मी पाठकोरी बाजू खर्डे लिहायला वापरायचो. छापलेल्या बाजूकडे मी कधी बघतसुद्धा नसे.

चार नंबरवर कोंडाणे गावचा एक पन्नाशीचा माणूस होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. बावीस वर्षांची नोकरी, एकही मेमो नाही. मी शेजारच्या पाच नंबरवर; माझा कागद फाडून त्याचाही फाडायला लागलो की हा हमखास म्हणायचा, “घे रं पत्रकवाल्या, ने तुझा चारा.”

एक दिवस पहिली पाळी सुटायच्या अर्धा तास आधी दादाची टाकी भरून वाहिली. उकळता सोडा जमिनीवर आला आणि फोरमनचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. आम्ही त्याला उचलून जीपमध्ये घातलं. परत येतोय तोच भोंगा झाला. हात रोजच्या सवयीने चालले: पाच नंबरचा माझा कागद फाडला, शेजारचा चारचाही फाडला आणि पिशवीत कोंबला. दादा झाडूने सोड्याचं पाणी मोरीकडे लोटत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी चाऱ्याचं काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा सस्पेंड. आरोप असा, की घरी जायच्या घाईत त्याने पेटीची चावी ‘ऑटो’वरून ‘हाता’वर फिरवली आणि सोड्याचा व्हॉल्व्ह स्वतः उघडला. मी पेटलो. घरी येऊन पिशवीतले कागद काढले आणि पाठकोऱ्या बाजूवर दुसरं पत्रक लिहिलं, ‘आमचा माणूस कामावर घ्या’. त्यात साहेबांना खोटारडे म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. खर्डा टायपिंगवाल्या मित्राकडे दिला. पत्रक वाटलं गेलं. हे लिहिणारा सापडला तर त्याला त्याच दिवशी घरी बसवू, असं साहेबांनी खात्यात येऊन सांगितलं.

चौकशी बसली. चौकशी अधिकारी बाहेरचा वकील होता. आरोपीच्या बाजूने एक सहकारी बसू शकतो, म्हणून दादाशेजारी मी बसलो. काचेच्या खोलीतला कागद आला. त्यावर त्या वेळची एकच ओळ: चार नंबर टाकी, भरून वाहिली.

“व्हॉल्व्ह ऑटोने उघडला की हाताने?” अधिकाऱ्याने विचारलं.

इंजिनियर माझ्याकडे न बघता म्हणाला, “ती माहितीची ओळ, साहेब. ती पूर्वी यायची. युनियनने बंद करायला लावली.”

अधिकाऱ्याने ते टिपून घेतलं आणि विचारलं,

“टाकीजवळचा कागद?”

“फाडून नेलाय,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “पुरावा नष्ट करायला. आणखी काय पाहिजे?”

अधिकारी दादाकडे वळला. “कागद कुणी फाडला?”

तोवर, खरं सांगतो, मला आठवलंच नव्हतं. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं, मोरीजवळून पाहिलं होतं तसंच, आणि मान खाली घातली. “मला ठावं नाय, साहेब.”

चौकशी दुसऱ्या दिवशी अकरावर गेली. फाटकाबाहेर मी त्याचा दंड धरला. “दादा, तुम्हाला माहीत होतं. बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तू फाडलास म्हनून? म्हंजे दोगं घरी. एक गेला तर एक तरी ऱ्हाईल.” मग सायकलवर टांग टाकत म्हणाला, “कागदावर काय हाय ते तुला तरी ठावं हाय का रं? मी चावीला हात नाय लावला, येवढं मला ठावं हाय.”

पोशीरला घरी जाऊन ट्रंक उपसली. पाच नंबरचे जुने कागद होते, पण हवा तो नव्हता. तो खर्ड्याबरोबर कर्जतला गेला होता. आणि मीच मित्राला बजावलं होतं की आपल्या अक्षरातला खर्डा ठेवायचा नाही, जाळून टाकायचा.

फटफटलं तशी सायकल काढली आणि कर्जत गाठलं. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, मागच्या दारी होती. बंब धडधडत होता.

“जयभीम भावजी. इतक्या सकाळी?”

“वहिनी, बंबात काय घातलंत?”

“रोजचंच. तुमच्या त्या कडेला भोकं असलेल्या कागदानं झकास पेटतं बघा.”

मी गोवऱ्यांची टोपली जमिनीवर उपडी केली. मित्र टॉवेल गुंडाळून बाहेर आला. “अरे, तूच म्हणालास ना जाळ म्हणून!”

गोवऱ्यांखाली तीन ताव निघाले. दोन पाच नंबरचे. तिसरा चारचा. मी पहिल्यांदाच छापलेली बाजू वाचली. सोडा सोडला, ऑटो. मग वीज गेली. वीज आली, प्रोग्राम सुरू. आणि पुन्हा: सोडा सोडला, ऑटो. वीज जाऊन आली तेव्हा प्रोग्रामने झालेली पायरी परत केली होती. हाताची एकही ओळ नव्हती. दादा सुटला होता.

ताव उलटा केला. माझं ठसठशीत अक्षर. ‘खोटारडे मॅनेजर’ खाली दोन रेघा.

मित्राने वाचलं आणि पायरीवर बसला. “हा दिलास तर तू गेलास.”

“माहीत आहे.”

“मागे कोरा कागद चिकटवू. खळ आहे घरात.”

हेही लपवत नाही, मी हो म्हटलं. वहिनींनी खळ आणून दिली. मित्राने कागद कापला, बोटाने खळ फिरवायला घेतली. मग माझ्या डोक्यात आलं, की साहेबांचा आरोपच मुळी पुराव्याशी खेळ केल्याचा आहे. अधिकाऱ्याने ताव उजेडात धरला की माझं अक्षर दिसणारच, आणि छापलेल्या ओळीही खोट्या ठरणार. दादा कायमचा जाणार. मी ताव ओढून घेतला. एका कोपऱ्याला खळ लागली ती लागलीच.

अकरा वाजता ताव टेबलावर ठेवला. अधिकाऱ्याने ओळी दोनदा वाचल्या. इंजिनियरला दाखवल्या. त्याने वीज गेल्याच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “हो. प्रोग्रामच. चूक माझी आहे.” मला तो माणूस त्या क्षणी पहिल्यांदा आवडला.

साहेबांनी ताव उलटवला.

“अक्षर कुणाचं?”

दादा अर्धवट उठला. “साहेब, त्ये माजं...”

“बसा दादा,” मी म्हटलं. “तुम्हाला सहीपुरतंच लिहिता येतं, सगळ्यांना माहीत आहे. अक्षर माझं. कागदही मीच फाडला.”

दादा सोमवारी कामावर आला. मी सस्पेंड झालो आणि मला आरोपपत्र मिळालं: कारखान्याचा कागद नेला, वरिष्ठांची बदनामी केली. पहिला आरोप खरा आहे. दुसऱ्याचं मी चौकशीत बघून घेईन. माझ्या शेजारी सहकारी म्हणून दादा बसणार आहे. म्हणतो, “बोलायचं तू. मी नुस्ता बाजूला. पर आता काय फाडू नको रं बाबा.”

घरी बसल्या बसल्या नवीन पत्रक लिहिलं. सगळ्या ओळी पुन्हा वर पाठवा, बटणाच्या मिनिटांवरून मेमो काढू नका, आणि पाळी सुटताना प्रत्येक टाकीचा कागद कामगाराच्या सहीने जपून ठेवा, एक प्रत आमच्याकडे. खात्यातले दोघेतिघे भेटले तेव्हा एक जण टोमणा मारून गेला, “काय रं, चुगली बंद करनारा तूच, चालू करनारा पन तूच?” तो खरं बोलत होता. या पत्रकाखाली ‘एक कामगार’ लिहिलं नाही. माझं नाव लिहिलं. दादाने त्याखाली आपली सही केली, वेळ लावून, जीभ दाताखाली धरून. विकतच्या कोऱ्या कागदावर.