बिनफोडणीची आमटी

त्या दुष्काळात आमच्या गावात दोनच गोष्टी नियमानं यायच्या, टँकर येणार असल्याची बातमी आणि गोवर. टँकर स्वतः क्वचित यायचा.

गोवर म्हणजे देवी. ती घरात आली की दाराला कडुलिंबाचा डहाळा, बाहेरच्याला मज्जाव आणि चुलीवर फोडणी बंद. मोहरी तडतडली की देवी चिडते म्हणे. लेकरू तापानं फणफणलं तर मात्र ती चिडल्याचं कुणी म्हणत नसे.

आमच्या घरी दादाची मुलगी नुकतीच चालायला लागली होती. शेजारच्या दाराला डहाळा लागला आणि वहिनीच्या जिवात जीव राहिला नाही. पोरीला लस टोचावी म्हणून ती आईच्या मागं लागली.

"देवीला सुईनं अडवतीस व्हय?" आई म्हणाली. विषय संपला.

तेवढ्यात सोसायटीच्या चेअरमननी लसीकरण शिबिर भरवलं. मांडव, हार, भोंगा. पाहुणे परळीहून येणार म्हणून नर्सबाई लसीचा बर्फाचा डबा सांभाळत दुपारपर्यंत बसून राहिल्या. चेअरमन सहकारावर बोलले, विज्ञानावर बोलले, सहकारातल्या विज्ञानावरही बोलले. आईनं बसल्या जागेवरून विचारलं, "सायेब, आदी तुमच्या नातवाला टोचा की."

"त्याला बीडला नेऊन टोचलंय, काकू. मोठ्या डाक्टरकडं."

झालं. "त्यांची सुई बीडची, अन् आपल्याला ही फुकटची कावून?" म्हणत बायका उठल्या आणि लेकरं घेऊन निघून गेल्या. वहिनीलाही आईमागं उठावं लागलं. घरी ती पोरीचं कपाळ पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

आठवड्याभरानं टँकरच्या पाळ्या ठरवायला चेअरमनच्या ओसरीवर बैठक होती. वडिलांबरोबर मीही गेलो. बैठकीत काही ठरलं नाही, म्हणजे जेवण झालं. या घरची तिखट आमटी पंचक्रोशीत नावाजलेली. पानात आली ती नुसती शिजवलेली डाळ. मोहरी नाही, लसूण नाही, तेलाचा थेंब नाही.

सगळ्यांचे हात थांबले.

"डाळ लई मऊ शिजलीय," एक सभासद म्हणाले.

"डाक्टरनं तेल बंद केलंय मला," चेअरमन म्हणाले.

आत नातू खोकला. आम्ही सगळे डाळीकडं बघत राहिलो. हात धुवायला मागं गेलो, तर मागच्या दाराला लिंबाचा डहाळा. पुढच्या दाराला शिबिराचं तोरण अजून तसंच होतं. खोटं चेअरमननी रेटलं होतं, पण चूल त्यांच्या बायकोच्या ताब्यात होती.

घरी येऊन वडील आईला एवढंच म्हणाले, "चेअरमनच्या आमटीला फोडणी न्हाई."

"म्हंजे लेकराला टोचलंच न्हाई मेल्यानं! टोचलं असतं तर कशाला ही पाळी आली असती?" आई म्हणाली आणि पायात चपला सरकवत वहिनीकडं वळली, "ऊठ गं, पोरीला घे. नर्सबाई हाय का बघू."

"अन् देवी?" वहिनीनं विचारलं. एवढं बोलायचा हक्क तिनं कमावला होता.

"देवीचं मी बघते. तू चल."

गल्लीतून जाताना आईनं दिसेल त्या बाईला आमटीची हकीकत सांगितली. उपकेंद्रापर्यंत पोचता पोचता मागं लेकरं घेतलेल्या बायकांची रांग लागली. भोंगा नव्हता, हारही नव्हते.

चेअरमनचा नातू उठला, पण त्याचा कान पुढं पावसाळाभर वाहत होता. आमच्या पोरीनं सुईच्या नावानं गल्ली डोक्यावर घेतली. त्या संध्याकाळी आईनं दार सताड उघडं ठेवून आमटीला लसणाची फोडणी दिली. ती फोडणी मग सगळा उन्हाळा एकदाही चुकली नाही.