सवाष्णीचं ताट

लढाईच्या दिवसांत मिरजेत आमची खानावळ होती. एका अंगाला स्टेशन, दुसऱ्या अंगाला दवाखाना. जेवायला रेल्वेतले बाबू, शाळामास्तर, परगावची शिकणारी पोरं, सगळे महिन्याचे पैसे भरून जेवणारे, महिनेवाले. यजमान गल्ल्यावर, मी चुलीपाशी. सगळे त्यांना मालक म्हणायचे, म्हणून मी चिडले की त्यांना मालकच म्हणायची. आणि मी चिडायची फार. आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसायची नाही.

मालकांचा एक हट्ट होता. ताटावर बसलेल्या माणसाला ‘संपलं’ म्हणायचं नाही. खानावळीची अब्रू जाते म्हणे. त्यापायी रोज जादा रांधायचं. पण महिनेवाल्यांचा काय नेम? कुणाची एकादशी निघायची, कुणाची गाडी उशिरा यायची, कुणी पाहुण्याकडे जाऊन बसायचा, की टोपलंभर भाकऱ्या आणि पातेलंभर भात तसाच. ते सगळं दुपारी डब्यात ओतून मागच्या गवळ्याच्या म्हशींना जायचं. रेशनचे दिवस, जोंधळ्यासाठी रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, आणि म्हशी आमच्या भातावर माजलेल्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दवाखान्याच्या आवारात मोठी चिंच होती. तिच्याखाली रोग्यांची माणसं पडलेली असत, तासगावाकडची, जतकडची. रोगी आत, हे बाहेर. घरून बांधून आणलेल्या भाकऱ्या पुरतील तोवर खायच्या, मग नळाचं पाणी.

“अहो, म्हशींना घालण्यापेक्षा त्यांना देऊ की,” मी म्हटलं.

“फुकट वाटायला लागलीस तर उद्या महिनेवाले चिंचेखाली जाऊन बसतील.”

“बसू देत. बाबू लोक मातीत बसलेले मला एकदा बघायचेच आहेत.”

दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मालक कुरकुरत म्हणाले, “ने बाई. पण सगळं एकाच पातेल्यात कालवून ने, भांड्यांचा पसारा नको.”

मी नेलं. भात, आमटी, भाजी, कुस्करलेल्या भाकऱ्या, सगळं एकात. लोकांनी घेतलं. भुकेपुढे कुणाचं काय चालतं! पण बुंध्याला टेकून एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तिनं पातेल्यात एकदा पाहिलं आणि पदर सावरून तोंड फिरवलं.

“घे की गं,” मी म्हटलं.

“नगं. माजा उपास हाय.”

दुसऱ्या दिवशी विचारलं, उपास. तिसऱ्या दिवशी उपास. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, “कसला उपास, बाई! भाकऱ्या संपल्या तिच्या. धनी आत हाय, पोटाचं आपरेशन झालंय. दवाखान्यातनं जरा काय मिळतंय ते त्येच्याच तोंडात घालती.”

मला असा राग आला! एवढा ताठा? मग ती बुंध्याशी बसलेली बाई माझ्याकडे बघून, आवाज जराही न चढवता म्हणाली, “आवं वैनी, तुमी चांगल्या हाय. पर असं कालवून आमी म्हशीम्होरं ठिवतो. मी मागाय न्हाई आले. मी धन्यासंगं आलीया.”

मी पातेलं घेऊन परतले. राग कुठल्या कुठे गेला. माझं माहेरही शेतकऱ्याचंच. आमच्या दारातही गुरांचं आंबोण असंच कालवतात. मला कळायला हवं होतं. पण त्याहून मोठी धास्ती दुसरीच. ही बाई नवऱ्याला जगवता जगवता स्वतः चिंचेखाली मरून जायची.

शुक्रवारी सकाळी मी हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि तडक तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. “माझा शुक्रवार आहे. सवाष्ण मिळेना. तुम्ही जेवायला येता का?”

सवाष्णीचं बोलावणं आलं की नाही म्हणायचं नसतं, आपल्याच कुंकवाला उणेपणा येतो. ती उठली. नळावर पाय धुतले, चेहरा पुसला, आणि माझ्यामागून आली.

पाट मांडला, ताटाभोवती रांगोळीची रेघ ओढली. सवाष्णीचं ताट आधी, मग बाकीच्यांची. महिनेवाले दारात ताटकळत उभे. मालक गल्ल्यावरून पुटपुटले, “तुझा शुक्रवार? कधीपासून?”

“आजपासून.”

कशी जेवली ती! हळूहळू, एकेक घास चावून, अगदी पाव्हणीसारखी. मी तूप वाढलं तेव्हा डोळे भरून आले तिचे. माझेही आले, पण मी धुराचं निमित्त केलं.

शनिवार ते सोमवार काही ना काही निमित्त काढलं, मग मंगळवार आला. मंगळवारी माझी देवी होती. बुधवारी एक नवस आठवला, गुरुवारी दुसरा. महिनेवाले चेष्टा करायचे, “वहिनी, आमच्यासाठी पण एखादा देव काढा की!” एक दिवस ती ताटावर बसता बसता हसली आणि म्हणाली, “तुमच्यात द्याव लय हायती, वैनी.” तिला सगळं कळत होतं. पण सवाष्ण म्हणून बोलावलं होतं, आणि सवाष्ण म्हणून ती येत होती. धनी बसता झाला, पेज प्यायला लागला, असं सांगायची. आता गावी नेते, म्हणायची. मीही मनातल्या मनात माझ्या त्या बनावट देवांना हात जोडायला लागले होते. खरंच जोडायची.

एका सकाळी मी कोयरी घेऊन गेले तर चिंचेखाली ती नव्हती. म्हातारीनं सांगितलं. पहाटे तिचा धनी गेला होता. त्याला घरी न्यायला दीर आदल्या रात्रीच गावाहून गाडी घेऊन आले होते, तेच त्याला कृष्णाकाठी सगळं उरकायला घेऊन गेले. तिला त्यांच्याबरोबर आलेल्या नात्यातल्या बायांनी आडोशाला नेलं होतं. मी कोयरी पदराखाली लपवली आणि घरी आले. दुपारपर्यंत कशात म्हणून लक्ष लागलं नाही.

दुपार कलल्यावर ती मागल्या दारानं आली. कपाळ पुसलेलं, हातात बांगडी नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभी.

“वैनी, आता बोलवाय येऊ नगा. मी आता सवाष्ण न्हाई.” तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. “दीर बैलगाडी जुपत्यात. सकाळधरनं कुणाच्या पोटात काय न्हाई. उरलं असंल ते द्या. एकात कालवून दिलंसा तरी चालंल.”

त्या दिवशी अमावस्या, निम्मे महिनेवाले फिरकलेच नव्हते. भाताचं पातेलं तसंच होतं, भाकऱ्यांचं टोपलं तसंच होतं.

मी त्यातलं काहीही घेतलं नाही. विझलेली चूल पुन्हा पेटवली आणि परात ओढली. आमच्याकडे माणूस गेल्यावर त्या घरची चूल पेटत नाही. भावकीतल्या नाहीतर शेजारच्या बायका भाकरी करून नेतात. कडू भाकरी म्हणतात तिला. मी पीठ मळत होते आणि काही दिसत नव्हतं. मालक गल्ल्यावरून उठून आले, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. खाली बसून चुलीत लाकडं सारायला लागले, पिठल्याचं आधण ठेवलं.

दिरांसाठी भाकऱ्या फडक्यात बांधल्या. मग तिला आत ओढून पाटावर बसवलं. ती बसेना, मी दंडाला धरून बसवलं. कडू भाकरीचा पहिला घास भरवायचा असतो. मी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिच्या तोंडाशी नेला.

तिनं तोंड उघडलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “वैनी, मी तुमची कोण लागती?”

“आधी खा,” मी तिच्यावर खेकसले. “मग सांगते.”

तिनं खाल्लं. दुसरा घासही माझ्याच हातून खाल्ला. तिसऱ्याला बाहेरून दिरानं हाक मारली, ती उठली, आणि सांगायचं राहून गेलं.