डावीकडचा चौथा आरसा

आ-खाय मिस्त्रीकडे स्कूटर नेली की तो आधी स्कूटरकडे बघतच नाही. तुमच्या चपलांकडे बघतो. उजव्या चपलेची टाच झिजलेली दिसली की म्हणतो, "पाय घासून थांबता, म्हणजे ब्रेक गेलाय." आणि ब्रेक गेलेलाच असतो. मला याचा फार राग यायचा. अरे बाबा, मी गाडी दाखवायला आलेय, पाय दाखवायला नाही! पण तोंगकांगच्या बंदरापासून लिनपिएनच्या बागांपर्यंत कुणाचीही दुचाकी बिघडली तरी लोक त्याच्याचकडे जातात, आणि तीस वर्षांत मीही कधी दुसरीकडे गेले नाही.

मी लिएन. बाजारात फळं विकते. जाम, म्हणजे ती घंटेसारखी लाल, पाणीदार फळं, शिवाय पेरू, हंगामात आंबा. सगळे मला लिएनताई म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझं तोंड फाटकं आहे, हे मीच आधी सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. नवरा लवकर गेला, मुलगा उत्तरेत कारखान्यात. बागेतून जामाच्या पेट्या स्कूटरवर लादून आणायच्या आणि दुपारपर्यंत खपवायच्या, यावरच माझं घर उभं राहिलं.

आ-खायचं दुकान देवळाच्या कडेला. पुढे चहाचं टेबल, चार बुटकी स्टुलं. स्टुलांवर कुणी ना कुणी ठाण मांडून बसलेलं असतं, बहुतेक वेळा कू तांडेल. त्याची बोट केव्हाच विकली गेली, पण तांडेलकी काही सुटली नाही. हवा भरायच्या यंत्रावर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलेला, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, आमच्याकडे तशी समजूतच आहे. एकदा कुणीतरी गंमत म्हणून तिथे पिवळं पाकीट ठेवलं, म्हणजे यंत्र बंद पाडणारं, तर आ-खायच्या बायकोने, फांगने, त्या माणसाला असं फैलावर घेतलं की बिचारा आठवडाभर या गल्लीतून गेला नाही. मला फांग आवडते ती यासाठीच.

आता मिस्त्रीचं काम कसं, ते सांगते. कू तांडेलची स्कूटर सारखी बंद पडायची. दुसऱ्या दुकानात दोनदा बॅटरी बदलून झाली होती. आ-खायने पाना उचललाच नाही. वाकला आणि नाकाने वास घेतला.

"तांडेल, मासे कुठे ठेवता?"

"कुठे म्हणजे? पायाशी, खोक्यात. डोक्यावर ठेवू की काय?"

"खोकं गळतं. बॅटरी तुमच्या पायाखाली आहे. खारं पाणी रोज तिच्यावर ठिबकतंय."

पायाखालचं झाकण उघडलं तर तारांच्या टोकांवर हिरवा गंज चढलेला. त्याने टोकं घासली, धुतली, कोरडी केली, वरून ग्रीस लावलं आणि खोकं मागे बांधायला लावलं. बॅटरी तीच राहिली. शाळेतल्या एका बाईंची गाडी निघताना थरथरायची, तर हा त्यांना विचारत बसला. सकाळी थरथरते की दुपारी? गार असताना की तापल्यावर? बाई वैतागल्या. "अहो, गाडी आजारी आहे, मी नाही." सकाळीच थरथरते म्हटल्यावर त्याने क्लच उघडला, आत साचलेला भुगा साफ केला, थरथर गेली. त्याचं म्हणणं एकच. आधी विचारायचं, मग ऐकायचं, मग हात लावायचा, आणि पाना सगळ्यात शेवटी. घाईघाईने भाग बदलणाऱ्या मिस्त्र्यांना आ-खाय 'भाग विकणारे दुकानदार' म्हणतो.

तर गेल्या मार्चची गोष्ट. जाम ऐन भरात होते, झाडं लालेलाल, बागेचा मालक दिवसाला तीनदा फोन करून कधी येतेस विचारत होता. आणि माझ्या स्कूटरचा डावा आरसा बाजाराच्या तोंडाशी खांबाला लागून तुटला. नवीन वर्ष लागल्यापासूनचा हा चौथा. मी तरातरा दुकानात गेले.

"आ-खाय, आरसा. लवकर. पेट्या आणायच्यात."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्कूटरकडे. मग आत जाऊन भंगाराचा डबा घेऊन आला आणि माझ्यासमोर चहाच्या टेबलावर ओतला. फांग ओरडली, "अहो, टेबल!" त्याने लक्ष दिलं नाही. डब्यातून एकेक तुकडा निवडून रांगेत मांडला.

"हे तुझे आधीचे तीन आरसे. हा वाकलेला ब्रेकचा दांडा. हा दिव्याचा तुकडा, ही बाजूची पट्टी. सगळं गेल्या तीन महिन्यांतलं. सगळं डावीकडचं. ताई, उजवीकडचा एक तरी तुकडा मला दाखव."

"म्हणजे? मला गाडी चालवता येत नाही म्हणतोस? तू शाळेत नाक पुसत होतास तेव्हापासून मी चालवतेय!"

"येते. म्हणूनच विचारतोय. इतकी वर्षं तुला एक ओरखडा नाही. आता काय झालं?"

"लोकांना डोळे नाहीत, हे झालं! वाटेत गाड्या लावतात. खांबसुद्धा वाटेत लावतात."

कू तांडेल फिसकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कपात तोंड खुपसलं.

आ-खाय म्हणाला, "स्कूटरवर बस. समोर माझ्या नाकाकडे बघ. नाकावरून नजर हलवायची नाही." माझ्या मनात त्याच्या नाकाबद्दल बरंच काही आलं, पण बसले. त्याने हातात चकचकीत पाना घेतला आणि माझ्या उजव्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला. "दिसला की सांग." मी लगेच म्हटलं, दिसला. मग तसाच डावीकडून. मी वाट बघत राहिले. त्याचा हात आहे की नाही तेच कळेना. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय.

"अरे, आण की पुढे!"

फांगने तोंडावर हात ठेवला होता. मी मान डावीकडे वळवली तर पाना माझ्या नाकापासून वीतभर लांब होता, आणि मला तो दिसलाच नव्हता.

पण मी कसली कबूल करतेय! डोळ्यांत घाम गेला म्हटलं, झोप झाली नाही म्हटलं, पाना मळका आहे म्हटलं. त्याने शांतपणे किल्ली काढून खिशात टाकली.

"डोळे दाखवून ये, मग किल्ली."

"किल्ली दे. जाम झाडावर सडतील, तू भरून देणार आहेस का?"

"नाही देणार."

"तुझ्या दुकानाला आग लागो!" असं मी त्याला म्हटलं. देवळाच्या कडेला, देवाच्या कानावर जाईल अशा आवाजात. आज आठवलं की मला माझीच लाज वाटते.

घरी जाऊन मी दुसरी किल्ली आणली. तो आत हात धूत होता, तेवढ्यात मी स्कूटरवर बसले आणि बटण दाबलं. स्कूटर नुसती कुरकुरली. पुन्हा दाबलं. पुन्हा कुरकुरली. मागून आ-खायचा आवाज आला, "ताई, प्लगची टोपी माझ्या हातात आहे." आणि कू तांडेल असा हसला की स्टुलावरून खालीच पडला. मी त्याला लाथ मारणार होते, पण का कोण जाणे, मलाच रडू आलं. रस्त्याच्या मधोमध, बंद स्कूटरवर बसून मी रडले.

आ-खायने शटर ओढलं. ऐन कामाच्या दिवशी, बाहेर चार गिऱ्हाईकं उभी असताना. मला आपल्या मागे बसवलं आणि पिंगतुंग शहरातल्या दवाखान्यात नेलं. मी तिथेही डॉक्टरीणबाईंशी भांडले. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत. मी आ-खायकडे वळून म्हटलं, "बघ!" पण बाई पुढे म्हणाल्या, बिघाड डोळ्यांत नाही, त्याच्या मागे असेल. फोटो काढले. डोक्यात, मागच्या बाजूला उजवीकडे गाठ निघाली, लिंबाएवढी. उजवीकडची गाठ डावीकडचं दिसणं खाते म्हणे. हळूहळू खाते, त्यामुळे माणसाला आपलं काही गेलंय हे कळतच नाही. बाजारात लोक म्हणायचे, लिएनताईला डावीकडून हाक मारली तर ढुंकून बघत नाही, फार माज चढलाय. मीही म्हणायचे, लोक हल्ली चोरासारखे एकदम समोर येतात.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला इथे कुणी पाठवलं?"

"स्कूटरच्या मिस्त्रीने," मी म्हटलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि बाकावर बसलेल्या आ-खायकडे बघत राहिल्या. त्याच्या नखांत काळं तेल होतं, हात मांड्यांखाली लपवून बसला होता.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हती. आणखी वर्षभर तशीच राहिली असती तर जिवावर बेतलं असतं, आणि त्याच्या आधीच मी एखाद्या गाडीखाली गेले असते. हे मी रोज सकाळी उठल्यावर मनात म्हणते आणि मग चूळ भरते. मी दवाखान्यात होते ते दिवस आ-खाय आणि फांग पहाटे आपला छोटा टेंपो घेऊन बागेत जायचे, पेट्या आणायचे. कू तांडेल माझ्या गाळ्यावर बसून जाम विकायचा. विकायचा कसला, निम्मे ओळखीच्यांच्या हातात कोंबायचा आणि उरलेल्या गिऱ्हाइकांना समुद्राच्या गोष्टी ऐकवायचा. तरी गाळा एक दिवस बंद राहिला नाही. मी सख्ख्या भावाकडूनही एवढं मागितलं नसतं, आणि या लोकांनी मला मागायलाही लावलं नाही.

शेवटच्या तपासणीला माझ्याबरोबर फांग आली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर ठिपके दाखवून माझी नजर मोजली. वरचा डावा भाग परत आला होता. खालचा येणार नाही म्हणाल्या. स्कूटर आता विसरा. "दोन महिने आधी आला असतात," त्या म्हणाल्या, "तर बहुतेक सगळंच वाचलं असतं." फांग माझ्या शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. आम्ही बसने परत आलो.

दुकानात आलो तर आ-खायने चहा मांडून ठेवला होता. तांडेल नव्हता. मी माझं सगळं आभाराचं बोलणं बसमध्ये जुळवलं होतं. मला असलं बोलायची सवय नाही, म्हणून शब्द अन् शब्द पाठ केला होता. तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "ताई, एक विचारू?"

"विचार की. परवानग्या कधीपासून मागायला लागलास?"

तो कपाकडे बघत बोलला. "मला चौथ्या आरशाला नाही कळलं. दुसऱ्यालाच कळलं होतं. जानेवारीत. डावीकडचंच सगळं का जातंय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तू तणतणत आत आलीस, म्हणालीस, आरसा बसव आणि अक्कल शिकवू नकोस. मी तुझ्या तोंडाला भ्यालो. बसवून दिला. तिसराही तसाच बसवला." त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "डॉक्टर काय म्हणाल्या? माझ्यामुळे उशीर झाला का?"

मला ती सकाळ आठवली. शब्द माझेच होते, एकही इकडचा तिकडे नाही. पाठ केलेलं सगळं बोलणं डोक्यातून पार उडून गेलं.

"उशीर कसला?" मी म्हटलं. "बाई म्हणाल्या, अगदी वेळेवर आलात. त्या मिस्त्रीला आमच्याकडे नोकरीला पाठवा म्हणाल्या."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगते? तुझी मनधरणी करायला मला काय पडलंय?"

त्याने मोठा श्वास सोडला आणि हसला, आणि बाहीला नाक पुसलं. फांग माझ्याकडे बघत होती. तिने किटली उचलली आणि माझा कप पुन्हा भरला.