ओल्या रंगावरचं कुंकू

परवा सुनेनं दाराला रंग दिला आणि थिनरचा वास आला, तशी वरच्या खोलीतली लाल गाडी आठवली. तिथं लातूरकडची एक मुलगी भाड्यानं राहायची, कंपनीत कामाला होती. सुट्टीला ती प्लास्टिकचे बारीक तुकडे घासून, रंगवून, चिमट्यानं जोडत बसायची. त्यातून शर्यतीची हातभर लांब गाडी उभी राहिली. आतल्या सीटचे पट्टे तिनं माझ्या परकराच्या नाडीचे केले होते. तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, त्यांना दिवाळीत गाडी दाखवायची म्हणून आठ महिने ती खपली. दसऱ्याला मी जीप पुजली, पाण्याचा पंप पुजला आणि ती आंघोळीला गेल्यावर वर जाऊन तिच्या गाडीच्या बॉनेटलाही कुंकवाचं बोट लावलं. बोट चिकटलं. रंग ओला होता. ती आली आणि तिनं कुंकू बघितलं. "आजी, काय केलंत हे! आता सगळा रंग खरवडावा लागणार." चूक माझीच, पण मी कुठली गप्प बसतेय! "गाडी हाय न्हवं? मग दसऱ्याला बिनपुजेची ठिवायची व्हय?" ती रडता रडता हसली. खरवडलं मात्र नाही, कुंकवावरूनच चकाकीच्या पारदर्शक रंगाचा हात मारला. दिवाळीहून परत आली तेव्हा मी भीतभीतच विचारलं, "काय म्हणलं वडील?" ती म्हणाली, "इंजिनाची एक नळी उलटी बसलीय म्हणाले. कुंकू तेवढं बरोबर जागेवर आहे." परवा दाराला टेकण्याआधी मी सुनेला विचारलं, "वाळलाय का गं?"